आकाशातील अनोळखी वस्तू आणि सरकारी दप्तर

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या ज्योतींची एक रांग सावकाश सरकत गेली. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांतील, तसेच शेजारच्या मध्य प्रदेशातील व गुजरातेतील लोकांनी हा देखावा उघड्या डोळ्यांनी पाहिला. कोणी त्यास उल्कापात म्हटले, कोणास पेटलेले विमान कोसळत असल्याचा भास झाला, तर कित्येकांच्या मनात परग्रहावरील वाहनाची कल्पना येऊन गेली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी आठ-दहा फूट व्यासाचे एक धातूचे कडे पडलेले सापडले, आणि पुढे त्याच तालुक्यात धातूचा एक गोळाही मिळाला. पोलिसांनी या वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात आणून ठेवल्या व काही दिवसांनी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन त्यांची पाहणी केली.

त्या ज्योती कशाच्या होत्या याचा उलगडा होण्यास मात्र फार काळ लागला नाही. प्रथम काही जणांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका अग्निबाणाकडे बोट दाखविले. परंतु अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदी पाहून असे मत दिले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च ३-बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्या सुमारास पृथ्वीच्या वातावरणात परत शिरावयाचा होता, आणि दिसलेला देखावा त्याच्याशी जुळतो. हजारो मैल दूर बसलेल्या मनुष्यास हे सांगता आले, याचे कारण उघड आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या लहानमोठ्या वस्तूंच्या कक्षांची यादी अमेरिकेचे सैन्य ठेवते व तिचा बराचसा भाग सर्वांस पाहावयास मोकळा असतो. शिवाय अंतराळात सोडलेल्या वस्तूंची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाकडे करावी, असा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून सह्यांसाठी खुला झालेला आहे. नोंद होती आणि ती खुली होती. म्हणूनच एरवी वर्षानुवर्षे चघळले गेले असते असे कोडे थोडक्या अवधीत सुटले.

आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंविषयीचे सरकारी कागद लोकांपुढे ठेवावेत की नाही, हा प्रश्न अलीकडे अनेक देशांत वादाचा होऊन बसला आहे. या वादात दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. आकाशात काय दिसले, ही एक गोष्ट. आणि जे दिसले त्याविषयी दप्तरात काय लिहिले गेले, ही दुसरी. लोकांचे सारे कुतूहल पहिल्या गोष्टीकडे धावते. वस्तुतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्यावर अवलंबून असते, आणि दप्तर अपुरे किंवा बंद असेल तर साध्या फुग्याचेही गूढ होऊन बसते.

या विषयाच्या नावाचाच इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड या अमेरिकन वैमानिकास रेनिअर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्यांची चाल पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारखी होती, असे त्याने सांगितल्याचे म्हणतात. वृत्तपत्रांनी चालीची उपमा आकारास लावली आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जन्मास आला. त्यानंतर लोकांना आकाशात तबकड्याच दिसू लागल्या. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे टिपून न ठेवल्याने केवढा घोटाळा होतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. आज निरनिराळ्या देशांची सरकारी खाती ‘तबकडी’ हा शब्द टाळून ‘अनोळखी हवाई घटना’ असा सावध शब्दप्रयोग करतात. ‘अनोळखी’ याचा अर्थ पाहणाऱ्यास ओळखता न आलेली, एवढाच. ती दुसऱ्या ग्रहावरून आली, असा अर्थ त्या शब्दात नाही.

आकाशाकडे पाहताना शहाण्यासुरत्या मनुष्याचीही फसगत का होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर एकाच प्रकाशबिंदूकडे टक लावून पाहत राहिल्यास तो बिंदू स्थिर असूनही इकडेतिकडे हलत असल्याचा भास होतो. कारण डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींची तुलना करण्यास शेजारी दुसरी कोणतीही खूण नसते. क्षितिजालगतच्या तेजस्वी ग्रहाचा प्रकाश हवेच्या जाड थरांतून येत असल्याने तो थरथरतो व क्षणात तांबडा, क्षणात हिरवा दिसतो. शुक्र हा तर सूर्यचंद्रांच्या खालोखाल तेजस्वी. त्यास विमानाचा दिवा समजण्याची चूक अनुभवी वैमानिकांकडूनही झालेली आहे. अंतराचा व आकाराचा अंदाज तर याहूनही अवघड. जवळची लहान वस्तू व दूरची मोठी वस्तू आकाशात सारखीच दिसतात, आणि अंतर चुकले की वेगाचा अंदाजही चुकतो.

आपल्या सैन्याच्या अनुभवातच याचा पुरावा सापडतो. २०१२ साली लडाखच्या सरहद्दीवर, पँगाँग सरोवराच्या परिसरात, सैनिकांना व सरहद्द पोलिसांना रात्रीच्या वेळी पिवळसर प्रकाशगोल आकाशातून हळूहळू सरकताना दिसू लागले. ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असे शंभराहून अधिक वृत्तांत वर कळविण्यात आले. ही चिनी हेरविमाने असावीत अशी शंका होती, आणि सरहद्दीवरील शंका ही घरातील गप्पांसारखी निरुपद्रवी नसते. डोंगरमाथ्यावर रडारयंत्र नेऊन पाहिले, तर त्यात काहीच उमटले नाही. शेवटी बंगळूर येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांस विचारण्यात आले. सैनिकांनी वेळ व दिशा यांच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या होत्या. त्या ग्रहांच्या गतीशी ताडून पाहता, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्ताप्रमाणे, ते प्रकाशगोल म्हणजे गुरू व शुक्र हे ग्रह होत असे ठरले. थंड, विरळ व निर्मळ हवेत ते नेहमीहून अधिक तेजस्वी दिसत होते. सैनिकांची थट्टा करण्याचे यात काही कारण नाही. त्यांनी नोंद केली म्हणूनच निदान झाले, आणि दोन मोठ्या देशांमधील एका गैरसमजाचे मूळ नाहीसे झाले.

मनुष्याने स्वतःच आकाशात पाठविलेल्या वस्तूंची भर यात दिवसेंदिवस पडत आहे. हवामानखाते देशातील निरनिराळ्या केंद्रांवरून यंत्रे बांधलेले फुगे नियमाने सोडते. असा फुगा सुमारे ३० किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकतो. वरच्या विरळ हवेत तो फुगत जातो व अखेरीस फुटतो. जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही तेवढ्या उंचीवर आणखी वीस-पंचवीस मिनिटे ऊन असते. अशा वेळी खाली दाटत चाललेल्या अंधारात तो फुगा रुपेरी मण्यासारखा चमकतो व एकाएकी दिसेनासा होतो. हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा फुग्यांचा तळ आहे. तेथून सुटणारे प्रचंड फुगे याहूनही वर जातात व त्यांची उपकरणे हवाई छत्रीने खाली उतरतात. ती कधी कधी महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतही येऊन पडतात, म्हणून लोकांनी त्यांस हात लावू नये अशी सूचना आधीच प्रसिद्ध करण्यात येते. याच तळावरून २००१ साली पुण्याचे ख्यातनाम शास्त्रज्ञ जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने सूक्ष्मजीवांच्या शोधासाठी गोळा केले होते. पृथ्वीबाहेरून जीव येतात काय, हा प्रश्न विचारण्याची ती रीत होती: नमुना घ्यावा, तपासावा व निष्कर्ष टीकेसाठी सर्वांपुढे ठेवावा. २०१९ पासून तर एकाच वेळी सोडलेल्या डझनावारी उपग्रहांची आगगाडीसारखी रांग सूर्यास्तानंतर दिसू लागली असून, तिने गावोगाव खळबळ उडवून दिली आहे.

एवढे सगळे साधे असेल, तर सरकारे कागद लपवितात कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात मिळते. १९४७ सालीच न्यू मेक्सिको प्रांतातील रॉसवेल गावाजवळ काही विचित्र अवशेष सापडले. सैन्याने प्रथम उडती तबकडी हाती लागल्याचे जाहीर केले व लगेच ते फिरवून हवामानाचा फुगा असल्याचे सांगितले. पुढे या घटनेभोवती परग्रहवासीयांच्या कथांचे रान माजले. १९९४ साली अमेरिकन वायुदलाने आपली चौकशी प्रसिद्ध केली, तेव्हा कळले की ते अवशेष बहुधा ‘मोगल’ नावाच्या गुप्त योजनेतील फुग्यांचे होते. रशियाच्या अणुस्फोटांचा ध्वनी वातावरणाच्या वरच्या थरांत टिपावा, हा त्या योजनेचा हेतू होता. म्हणजे लपवाछपवी झाली हे लोकांचे म्हणणे खरे होते. लपविले काय, याविषयीचा त्यांचा तर्क तेवढा चुकला होता. १९५५ नंतर यू-२ हे हेरविमान साठ हजार फुटांहून अधिक उंचीवर उडू लागले, तेव्हाही असेच झाले. त्या काळी आलेल्या अनोळखी वस्तूंच्या वृत्तांतांपैकी निम्म्याहून अधिक अशा टेहळणी विमानांमुळे होते, असा दावा अमेरिकेच्या हेरखात्याच्या इतिहासकारांनी पुढे केला. तो आकडा कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु खरे कारण माहीत असूनही अधिकाऱ्यांना ते सांगता येत नव्हते, हे त्यातून स्पष्ट होते.

याखेरीज आणखी एक कारण आहे व ते अधिक समर्थनीय आहे. रडारवर एखादी वस्तू किती अंतरावरून व किती स्पष्ट दिसली, हे जाहीर केले की त्या रडारची शक्ती व तिच्या मर्यादा शत्रूस कळतात. वस्तू क्षुल्लक असली तरी ती पाहणारा डोळा मोलाचा असतो, आणि तो डोळा झाकण्याचा अधिकार कोणत्याही राज्यास असावाच लागतो. वादाचा खरा मुद्दा एवढाच उरतो की, डोळा झाकताना सारे तोंडच झाकून घ्यावे काय?

ज्या देशांनी आपली दप्तरे उघडली, त्यांचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. अमेरिकन वायुदलाच्या ‘ब्लू बुक’ या योजनेने व तिच्या पूर्वीच्या चौकशांनी १९४७ ते १९६९ या काळात १२,६१८ वृत्तांत गोळा केले. त्यांपैकी ७०१ अनोळखी राहिले. ते कागद पुढे तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात लोकांस खुले झाले. ब्रिटनच्या संरक्षणखात्याने आपल्या फायली २००८ ते २०१३ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केल्या. तत्पूर्वी, पन्नासहून अधिक वर्षांत एकाही वृत्तांतातून देशास धोका असल्याचे दिसून आले नाही, या कारणास्तव या कामाचे टेबल त्या खात्याने २००९ सालीच बंद केले होते. अमेरिकेत २०२१ साली गुप्तवार्ता विभागाच्या संचालकांनी सादर केलेल्या अहवालात १४४ वृत्तांतांचा विचार केला होता. त्यांपैकी एकाचाच खात्रीने उलगडा झाला, आणि तो हवा निघून चाललेला एक मोठा फुगा निघाला. उरलेले १४३ परग्रहावरून आले असा निष्कर्ष कित्येकांनी उत्साहाने काढला. अहवालाचे म्हणणे निराळे होते: उपलब्ध माहिती इतकी तुटपुंजी होती की, निर्णय देणेच शक्य नव्हते. मार्च २०२४ मध्ये संरक्षणखात्याच्या स्वतंत्र कार्यालयाने १९४५ पासूनच्या सर्व सरकारी चौकशांचा आढावा प्रसिद्ध केला व परग्रहवासीयांच्या वाहनाचा कोणताही पुरावा आढळला नाही, असे नमूद केले. दरम्यान २०२३ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने अशा सर्व कागदांचा स्वतंत्र संग्रह राष्ट्रीय अभिलेखागारात करावयाचे ठरले.

सर्वांत समंजस पद्धत मात्र फ्रान्सची म्हणावी लागेल. तेथे १९७७ पासून हे काम राष्ट्रीय अंतराळसंस्थेकडे, म्हणजे सैन्याऐवजी शास्त्रज्ञांकडे, सोपविलेले आहे आणि २००७ पासून तिचे दप्तर लोकांस खुले झाले आहे. प्रत्येक वृत्तांताची छाननी करून त्यास चारांपैकी एका वर्गात घालतात. निश्चित ओळख पटलेले वृत्तांत पहिल्या वर्गात, बहुधा ओळख पटलेले दुसऱ्यात, माहिती अपुरी असल्याने निर्णय देता न येणारे तिसऱ्यात, आणि माहिती पुरेशी असून व तपास होऊनही न उलगडलेले चौथ्यात. तिसऱ्या व चौथ्या वर्गांतील हा भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्यात दोष नोंदीचा असतो, दुसऱ्यात प्रश्न निसर्गाचा असतो. सामान्य बोलण्यात दोहोंसही आपण ‘गूढ’ म्हणतो. फ्रान्समध्ये चौथ्या वर्गात उरणारे वृत्तांत फार थोडे आहेत. पण ते आहेत, आणि ते लपविले जात नाहीत. ज्या शास्त्रास न सुटलेले उदाहरण मांडण्याची लाज वाटत नाही, त्याच्या सुटलेल्या उदाहरणांवर लोक विश्वास ठेवतात.

आता भारताकडे वळू. असे वृत्तांत आपल्याकडेही येतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये एका प्रवासी विमानाच्या वैमानिकास पुण्याच्या बाजूच्या आकाशात हिरव्या-पांढऱ्या रंगाची वस्तू दिसली व तिने तसे मुंबईच्या हवाई नियंत्रकांस कळविले, अशी बातमी वृत्तपत्रांत आली होती. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्याने तेथील विमानांची ये-जा काही तास थांबवावी लागली. वायुदलाने आपली हवाई संरक्षणयंत्रणा कार्यान्वित केल्याचे व ती लहान वस्तू नंतर दिसली नसल्याचे जाहीर केले. अशा वेळी विमानातील प्रवाशांचे प्राण पणास लागलेले असतात. ती वस्तू पतंग असो, फुगा असो वा ड्रोन असो, ती विमानाच्या वाटेत होती काय, हे समजण्याचा लोकांस हक्क पोहोचतो.

हा हक्क बजावण्याचा राजमार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने २००२ सालीच असा कायदा केला होता. सबंध देशास लागू असलेला कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. त्यान्वये दहा रुपये शुल्क भरून केंद्र सरकारच्या कोणत्याही कार्यालयाकडे अर्ज करता येतो व त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत मिळावयास हवे. कलम ८ अन्वये देशाची सुरक्षितता व सामरिक किंवा शास्त्रीय हितसंबंध यांस बाध आणणारी माहिती नाकारता येते. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना मिळणारी सवलतही सुरक्षिततेच्या कागदांना लागू नाही. कलम २४ अन्वये काही संस्था या कायद्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळल्या आहेत. त्यांत संरक्षण संशोधन व विकास संघटना येते. वायुदल व इस्रो मात्र त्या यादीत नाहीत. शिवाय कलम १० असे सांगते की, एखाद्या कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल, तर तेवढा भाग वगळून उरलेला द्यावा. रडारचा आकडा झाकून घटनेची वेळ, दिशा व तपासाचा निष्कर्ष देता येईल असा जो मध्यममार्ग वर सुचविला, त्यास कायद्याचा आधार यापूर्वीच आहे.

परंतु कायदा कागद उघडू शकतो. अस्तित्वात नसलेला कागद निर्माण करू शकत नाही. वैमानिक व नियंत्रक यांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण निदान तीस दिवस जतन करावे, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा दंडक आहे. अपघाताची वा घटनेची चौकशी असेल तर ते अधिक काळ ठेवावे लागते. म्हणजे अर्जाचे उत्तर देण्याची मुदत आणि ध्वनिमुद्रण जपण्याची किमान मुदत सारखीच. घटनेनंतर काही आठवड्यांनी कोणी अर्ज केला व चौकशी सुरू झालेली नसली, तर उत्तर येईपर्यंत मूळ पुरावा पुसला गेलेला असणे शक्य आहे. मग ‘माहिती उपलब्ध नाही’ असे खरे उत्तर येते, आणि अर्जदार ते ‘माहिती दडपली’ असे वाचतो.

जुन्या कागदांचीही अशीच अडचण आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने व १९९७ च्या नियमांनी पंचवीस वर्षांहून जुने जतनयोग्य कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे देण्याची व्यवस्था घातली आहे. पण ज्यावर गोपनीयतेचा शेरा कायम आहे तो कागद तेथे जात नाही. शेरा मारणारा अधिकारी केव्हाच निवृत्त होतो. शेरा मात्र सेवेत राहतो. जून २०२१ मध्ये संरक्षणमंत्रालयाने युद्धांच्या व मोहिमांच्या इतिहासाविषयी, कागद सामान्यतः पंचवीस वर्षांत खुले करावेत, असे धोरण जाहीर केले. तेच तत्त्व शांततेच्या काळातील हवाई घटनांना लावण्यास मोठीशी हरकत असू नये.

बंद दप्तर उघडले म्हणजे काय होते, याचा अनुभव पुणे शहरास नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर तिचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे ते पुण्यातच दगडी इमारतीत, रुमालांत बांधून, शंभरावर वर्षे राहिले. आणि काही थोड्या जणांस निवडक उतारे घेण्याची परवानगी मिळाली तरी इतिहाससंशोधकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. अखेर सरकारने गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे ते काम सोपविले व १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत मोहिमांच्या बातम्या, देण्याघेण्याचे तपशील व घरगुती पत्रे विपुल आहेत. तर्कावर उभारलेल्या कित्येक समजुती या साध्या कागदांनी दुरुस्त केल्या. बंद दाराआडचे सत्य कल्पनेपेक्षा पुष्कळदा नीरस निघते. पण त्या नीरस सत्यावरच इतिहास उभा राहतो. आणखी एक धडा असा की, नुसते दार उघडून भागत नाही. मोडी वाचणारा, रुमाल लावणारा व निवड करणारा जाणकार मनुष्यही लागतो. आकाशातील घटनांच्या फायलींनाही असा जाणकार लागेल.

हे सारे रिकाम्या कुतूहलाचे आहे, असे कोणास वाटेल. तसे ते नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची मोठी धास्ती पसरली. चोर टेहळणी करीत आहेत, या शंकेने गावकरी रात्ररात्र पहारा देऊ लागले, आणि अफवांवर विश्वास ठेवू नये असे पोलिसांना सांगावे लागले. अफवेने पेटलेला जमाव काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस ठार मारले. तेथील अफवा आकाशाची नव्हती. पण भीती व अज्ञान यांची जात एकच असते. रात्रीच्या दिव्याचा खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकृतपणे मिळाला, तर एखाद्या अनोळखी वाटसरूचा जीव वाचू शकतो. ‘अफवा पसरवू नका’ हा उपदेश योग्यच आहे. परंतु त्यासोबत खरी बातमी दिली नाही, तर उपदेश हवेत विरतो व अफवा जमिनीवर राहते.

याउलट, खुल्या नोंदीचे फळ कसे मिळते याचेही उदाहरण विदर्भातच आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात भर दुपारी मोठा आवाज होऊन दगडांचा वर्षाव झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी तुकडे गोळा केले, त्यांची नोंद केली व ते अशनी असल्याचे ठरविले. नमुने जपून ठेवल्यामुळे पुढे त्यांचा अभ्यास होत राहिला, आणि पृथ्वीच्या पोटात खोलवर आढळणाऱ्या एका खनिजाचे कण त्यांत सापडल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आकाशातून पडलेला दगड गावात देव्हाऱ्यात गेला असता किंवा कपाटात कुलूपबंद झाला असता, तर हे ज्ञान कोणासच लाभले नसते.

पुणे शहरात या कामास लागणारी सामग्री जवळजवळ पुरी आहे. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून येथे आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले तरी देशातील हवामानाच्या नोंदींचे राष्ट्रीय भांडार आजही पुण्यात आहे. लोहगावचा विमानतळ मूळचा वायुदलाचा असून नागरी विमानेही तेथूनच ये-जा करतात. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ पासून येथे आहे, आणि हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून. फुग्याची वेळ एका ठिकाणी, विमानाची दुसऱ्या ठिकाणी व ग्रहाची जागा तिसऱ्या ठिकाणी नोंदलेली असते. ही तीन पाने शेजारी ठेवून पाहणारे व निष्कर्ष प्रसिद्ध करणारे एखादे साधे टेबल एवढीच काय ती आवश्यकता आहे. असे टेबल निघाले, तर त्यास फार पैसा लागणार नाही. नियमितपणा मात्र लागेल.

नागरिकांचाही यात वाटा आहे. आकाशात काही विलक्षण दिसल्यास प्रथम घड्याळ पाहावे व वेळ मिनिटासह लिहावी. दिशा लिहावी. क्षितिजापासूनची उंची हाताने मोजावी: हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते, तर करंगळी सुमारे एक अंश. वस्तू किती वेळ दिसली, हेही टिपावे. उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. अग्निबाणाचे अवशेष मिनिट-दोन मिनिटे सरकत राहतात. ग्रह तासभर तेथेच असतो व दुसऱ्या दिवशीही जवळजवळ त्याच जागी येतो. घराच्या कोपऱ्याशी किंवा झाडाच्या शेंड्याशी तुलना करून वस्तू खरोखर हलते की नाही ते पाहावे. ‘मला असे वाटले’ व ‘मला असे दिसले’ ही दोन वाक्ये निरनिराळ्या ओळींवर लिहावीत. जमिनीवर काही पडले असेल, तर त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. अशा वस्तूने नुकसान झाल्यास ती सोडणाऱ्या राष्ट्राने भरपाई द्यावी, असा १९७२ चा करार आहे. रशियाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह १९७८ साली कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने दावा मांडून १९८१ मध्ये तीस लाख डॉलर मिळविले. पडलेला प्रत्येक तुकडा मोजून व नोंदून ठेवल्याविना असा दावा उभा राहत नाही.

सारांश, सरकारने सर्व गुपिते चव्हाट्यावर मांडावीत, अशी मागणी कोणी सुज्ञ मनुष्य करणार नाही. देशाच्या संरक्षणाचे जे आहे ते झाकलेलेच असावे. पण घटना घडल्याची तारीख, तपास झाल्याची कबुली आणि ‘उलगडले’, ‘माहिती अपुरी’ किंवा ‘उलगडले नाही’ यांपैकी एक प्रामाणिक शेरा, एवढे देण्याने कोणत्याही राज्यास बाध येत नाही. नागरिकाने आपले कर्तव्य म्हणून जे पाहिले ते नीट लिहावे व सरकारने ते जपावे आणि योग्य वेळी वाचावयास द्यावे. मग जे थोडे प्रश्न शिल्लक उरतील, ते खरोखरच विचार करण्याच्या योग्यतेचे असतील.